क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलं, मोठी माणसं आणि फॅमिली सगळ्यांनाच कसं बघतो, आणि गोळ्या देतो का?

गोळ्यांचं आधी सांगतो, त्या सायकियाट्रिस्ट देतो, तो एमबीबीएससारखी डॉक्टरकी करून आलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकतो आणि मग सीनियरच्या हाताखाली खऱ्या पेशंटवर ट्रेनिंग घेतो, त्यात सगळ्या वयाचे लोक येतात म्हणून तिन्ही जमतं. (काही मोजक्या ठिकाणी जादा ट्रेनिंग घेऊन गोळ्याही लिहितात, पण ते अपवाद.)

मुलांपासूनच हे फील्ड सुरू झालं म्हटलं तरी चालेल, लाइटनर विटमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत मानसशास्त्राचं पहिलं क्लिनिक काढलं तेव्हा पहिली केस स्पेलिंग न जमणाऱ्या 14 वर्षांच्या मुलाची होती. लहान मुलाला "तुला काय होतंय" विचारून काही हाती लागत नाही, मग सायकॉलॉजिस्ट खेळायला देतो, चित्र काढायला लावतो, टेस्ट घेतो, आईबाबांशी नि टीचरशी वेगळं बोलतो. मोठ्यांचं बरंचसं बोलण्यातूनच, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) वगैरे, आणि घरी करायला होमवर्कपण असतो.

फॅमिली सेशन मात्र भारी अवघड, प्रत्येकाला वाटतं प्रॉब्लेम दुसऱ्यातच आहे, आणि मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईच देऊन टाकते, सायकॉलॉजिस्ट नेमकं तेच टिपत असतो. जाण्याआधी डिग्री आणि लायसन्स बिनधास्त विचारा, नुसतं काउन्सेलर लिहिलेली पाटी कोणीपण लावतं.