धुक्यात वाटेचा हक्क कुणाचाच नाही

बाबू, उजवीकडून येणाऱ्या बोटीला वाट द्यायची हे तू पाठ केलंस ते बरं केलंस. पण तो नियम एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या बोटींसाठी. पहाटे मांडवीवर धुकं उतरलं की समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला १९वा नियम लागतो. त्यात हक्काची वाट कुणालाच नाही, शिडाच्या होडीलासुद्धा.

आधी वेग उतरव. इंजिनावर चालत असलास तर दर २ मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, ४ ते ६ सेकंदांचा. नांगर न टाकता जागीच थांबलास तर दोन लांब. एक लांब नि दोन आखूड ऐकू आले, तर पुढे जाळं ओढणारा ट्रॉलर असेल, शिडाची बोट असेल किंवा सहज वळू न शकणारी दुसरी एखादी बोट. तुझी होडी १२ मीटरांहून लहान. तिला हेच भोंगे सक्तीचे नाहीत, पण तेवढ्याच अंतराने दुसरा खणखणीत आवाज हवाच.

समोरून भोंगा आला तर सुकाणू ऐकेल इतकाच वेग ठेव, गरज पडली तर पूर्ण थांब. मुरगावजवळ एकदा मी इंजिन बंद करून कान दिला, तेव्हा कुठे मालवाहू बार्जच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुटणारं पाणी ऐकू आलं. धुक्यात आवाजाची दिशा फसवते, म्हणून एकाच भोंग्यावर सुकाणू फिरवू नकोस.