मुका मार चोळायचा नसतो

लेकरा,

परभणीहून परतताना केलेला तुझा मेसेज वाचला. तीन दिवसांत कबड्डीचे पाच सामने, अंग आंबलेलं, आणि टीममधल्या तिघांचे तीन सल्ले: बर्फाच्या पाण्यात बस, तेलानं रगडून घे, दुखण्यावरची गोळी खा.

आधी खाटेवर बसून दोन्ही मांड्या बोटांनी दाबून बघ. दुखणं दोन्हीकडे सारखं, पसरट, उठता-बसता जाणवणारं असेल तर ते नुसतं अंग आंबणं. एक ते तीन दिवस जोर करतं आणि आपसूक ओसरतं. पण एकाच जागी बोट लागताच कळ मस्तकात जाते, तिथं सूज आहे, गुडघा पुरता वाकत नाही, तर तो मुका मार. कुणाचा तरी गुडघा तुझ्या मांडीत बसलाय. दोन्हींना एकच उपाय करायला गेलास की फसलास.

मी फसलो होतो. बचावात उजवा कोपरा सांभाळायचो. एका चढाईपटूचा गुडघा मांडीत असा बसला की पाय बधिर. रात्री तालमीतल्या एका दणकट हातानं गरम तेल लावून अर्धा तास रगडलं. मी दात आवळून सोसलं, कारण दुखतंय म्हणजे बरं होतंय असाच आपल्याकडचा समज. महिन्याभरानं मांडीत सुपारीएवढी टणक गाठ लागली. एक्स-रे काढला तर स्नायूत चक्क हाड धरलेलं. आत रक्त साकळलेलं असताना रगडलं, शेकलं की असं होऊ शकतं. तो मोसम मी राखीव खेळाडूंच्या बाकावर काढला.

म्हणून मुक्या मारावर पहिले दोन-तीन दिवस तेल नाही, शेक नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धर, दिवसातून चार-पाच वेळा. वर क्रेप बँडेज, आणि पहिल्या दिवशी गुडघा सोसेल तेवढा वाकवून ठेव. दुसऱ्या दिवशी सूज वाढली किंवा पाय टेकवेना तर डॉक्टर गाठ.

नुसतं आंबलेल्या अंगाला मात्र हलक्या हातानं मालिश खरंच मानवते. ताण देण्याचे व्यायाम हवे तर कर, त्यानं ठणका फारसा कमी होत नाही.

आता तो बर्फाचा ड्रम. पाणी १० ते १५ अंश आणि बसायचं दहा-पंधरा मिनिटं. आपल्या बोअरचं पाणी २७ अंशांच्या आसपास. दोनशे लिटर १५ वर आणायला साधारण पंचवीस किलो बर्फ लागतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एका पोरासाठी ड्रम भरणं माझ्या जिवावर येतं. तरी स्पर्धेत उद्या परत सामना असेल तर जरूर बस, ठणका कमी होतो. एरवी जोर-बैठका, वजनं मारून झाल्यावर रोज बसशील तर स्नायू भरायचं काम मंदावतं. आणि कातडं सोललेलं असेल तर सगळ्यांच्या ड्रमात उतरूच नकोस.

गोळी मला सगळ्यात नावडती. वैशाखात घाम गाळून, अंगात पाणी नसताना ती मूत्रपिंडाला जड जाते. त्यापेक्षा सामन्याआधी आणि नंतर वजन कर. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी, मीठ-साखर घालून, घोट घोट. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर मात्र घरगुती काही करत बसू नकोस, सरळ दवाखान्यात जा.

भाकरीसोबत वरण, उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे, रात्री दूध. तुझ्या ७० किलोला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागायचं नाही. आणि झोप आठ तास. शाळेच्या वर्गात सतरंजीवर, बाहेर मंडपातला भोंगा चालू असताना ती लागत नाही, माहीत आहे. कानात कापूस घाल, मोबाईल मॅनेजरकडे दे.

रविवारी मैदानावर आलास की मांडी दाखव. तोवर त्या तेलवाल्या दोस्ताला हात लावू देऊ नकोस.

तुझे सर