सायटिकासाठी (कमरेतली नस दबून पायात जाणारी कळ) डिस्कचं, म्हणजे मणक्यांमधल्या गादीचं, ऑपरेशन लगेच केलं तर जास्त फायदा होतो का?

पायातली कळ लवकर थांबते, पण वर्षभरानंतर बघितलं तर लगेच ऑपरेशन केलेले आणि थांबलेले पेशंट साधारण सारखेच असतात. नेदरलँड्समधे 283 पेशंटवर ट्रायल झाली, 2007 मधे छापून आली, सगळे 6 ते 12 आठवडे सायटिकाने बेजार झालेले, आणि वर्षाअखेर दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरं वाटतंय म्हणाले. पण थांबलेल्यांपैकीही 39 टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हे फार महत्त्वाचं आहे, बरेच जण हेच सांगत नाहीत. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पाय लुळा पडला तर हे आकडे विसरा, आजच्या आज हॉस्पिटल गाठा, असे पेशंट ट्रायलमधे घेतलेच नव्हते.