पिक ग्लास घरातच आहे

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरचे आठ यंत्रमाग, मुलगा बारावी सायन्सला, पाच हजार मीटर धावणारा. शर्यतीनंतर पाय भरून येतात म्हणून त्यानं अंगाला चिकटून बसणारी कॉम्प्रेशन टाइट्स आणली आणि आता ‘मला हेच बनवायचंय’ म्हणून हटून बसलाय. एका खासगी संस्थेनं ‘स्पोर्ट्सवेअर डिझाईन’च्या वर्षभराच्या डिप्लोमाला अडीच लाख सांगितलेत. ते भरू का, हा तुमचा प्रश्न.

आत्ता भरू नका.

डिझाईनला मी कमी लेखत नाही. पण या कपड्यात चित्रकलेपेक्षा फिजिक्स जास्त आहे. पाय घोट्याशी बारीक, मांडीशी जाड. कापडाचा ताण सगळीकडे सारखा असेल, तर जिथं त्रिज्या कमी तिथं दाब जास्त पडतो. हा लाप्लासचा नियम. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी हवा असेल, तर कुठं किती ताण द्यायचा हे आधी गणितानं ठरवावं लागतं, आणि कपडा अंगाच्या मापापेक्षा लहानच बेतावा लागतो. वैद्यकीय मोज्यांचा दाब ब्लड प्रेशरसारखा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. खेळाच्या दुकानात मात्र बहुधा एस, एम, एल यावरच भागतं. काटकुळा धावपटू आणि भरल्या पोटऱ्यांचा पैलवान, दोघांनी ‘एम’ घेतला तर दाब कसा सारखा पडणार? तुमच्या मुलाला हा प्रश्न पडत असेल, तर तो योग्य वाटेवर आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. तुमच्या मागावर उभे-आडवे धागे असतात. हे कापड मात्र निटिंगचं, फासात फास अडकवून केलेलं. त्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टरबरोबर इलास्टेन असतं. हा ताणून परत जागेवर येणारा धागा अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये शोधला. उष्णतेनं आणि क्लोरीननं तो मरतो, म्हणून धुण्यानंतर किती ताण उरला ही तपासणी या धंद्यात रोजचीच.

अंडर आर्मर या खेळाचे कपडे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची सुरुवातही कापडापासूनच झाली. तिचा संस्थापक केव्हिन प्लँक हा मेरीलँड विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू. आतला सुती टी-शर्ट घामानं भिजून जड व्हायचा, कॉम्प्रेशन शॉर्ट्स मात्र कोरडी राहायची. त्या जातीच्या कापडाचा शर्ट शिवून घेऊन त्यानं १९९६ मध्ये आजीच्या तळघरातून विक्री सुरू केली.

आता एक कडू गोष्ट, कारण तुमचा मुलगा स्वतः हे कपडे वापरतो. व्यायामानंतरचं अंग दुखणं यांनी थोडं कमी वाटतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. वेग वाढतो, याचा पुरावा मात्र कच्चा आहे. टॉमी कॉपर नावाच्या अमेरिकी कंपनीनं तांबं घातलेल्या कॉम्प्रेशन कपड्यांनी जुनाट दुखणी कमी होतात अशा जाहिराती केल्या. २०१५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना तिला साडेतेरा लाख डॉलर मोजावे लागले. लेबलवर काय लिहायचं आणि काय नाही, हे ठामपणे सांगणारा टेक्स्टाईल इंजिनिअर कंपनीला अशा वेळी वाचवतो. मला तरी हीच त्याची खरी किंमत वाटते.

वाट अशी. एमएचटी-सीईटी ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा नीट द्यायची, पीसीएम पक्कं हवं. तुमच्या गावातच, इचलकरंजीत, डीकेटीई हे टेक्स्टाईल इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. तिथं टेक्स्टाईलची पदवी घरी राहून होईल. मार्क चांगले पडले तर मुंबईचं व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेज. पुढं इंटर्नशिपसाठी ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनमध्ये विचारा, खेळाच्या कापडांचं सेंटर ऑफ एक्सलन्स तिथं आहे. वैद्यकीय कापडांकडं वळला, तर कोइमतूरची सिट्रा ही कापड संशोधन संस्था. एखादी सुट्टी तिरुपूरच्या निटिंग युनिटात काढू द्या, उकाडा आणि कापसाची भुकटी सोसवते का तेही कळेल. पॅटर्न मेकिंगचा छोटा कोर्स पदवीनंतर करता येतो, आणि तोवर त्याला फी कशासाठी भरतोय हेही समजलेलं असेल.

या रविवारी एक करा. तुमची पिक ग्लास, म्हणजे कापडातले आडवे धागे मोजायची भिंगाची काच, त्याच्या हातात द्या, टाइट्स उलटी करून एका इंचात किती फास बसतात ते मोजायला सांगा. मग तीच जागा हातानं ताणून धरा आणि पुन्हा मोजायला लावा. तासाभरानं तो वहीत आकडे लिहीत बसला असेल, तर मला फोन करा. कंटाळून मोबाईल घेतला असेल, तरी करा.