सूर-शंका : अझनावूर इटालियनमध्ये गातो तेव्हा

फ्रेंच गायक-गीतकार शार्ल अझनावूरच्या गाण्यांच्या इटालियन आवृत्त्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : 'येर आंकोर' हे फ्रेंच गाणं आणि त्याचं इटालियन रूप 'येरी सी', दोन्ही ऐकली. मागची व्हायोलिनं अगदी सारखी वाटतात. वाद्यवृंद दोनदा वाजवून घेत असत की जुन्याच टेपवर नवा आवाज चढवत? (सांगली)

त्या काळची, म्हणजे १९६०च्या दशकातली, रुळलेली पद्धत दुसरी: जुन्याच मेळावर नवा आवाज. मोठा वाद्यवृंद, संचालक आणि स्टुडिओ यांचा खर्च प्रत्येक भाषेसाठी वेगळा करणं परवडत नसे. वाद्यमेळ टेपच्या एका किंवा दोन ट्रॅकवर आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर असेल, तर फ्रेंच आवाज बंद करून त्याच मेळावर इटालियन, स्पॅनिश, जर्मन अशा आवृत्त्या काढता येतात. अट एकच: मूळ ध्वनिमुद्रणात गायक वादकांच्या खोलीत उभा नको. असेल तर त्याचा आवाज व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि इटालियन ओळीमागे फ्रेंच शब्द पुसट ऐकू येत राहतात. तो नंतर काढता येत नाही.

तुमच्याकडच्या दोन प्रती एकाच मेळावर आहेत का, हे घरी तपासता येईल. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत दोन्ही फाइली घ्या, पहिला स्वर एकावर एक आणा आणि एकत्र वाजवा. मेळ एकच असेल तर शेवटपर्यंत दोन्ही बरोबर चालतील, किंवा फरक एकसारखा हळूहळू वाढत जाईल. तो टेप वाजवण्याच्या वेगातला फरक. वादन वेगळं असेल तर एक आवृत्ती कधी पुढे जाईल, कधी मागे पडेल, आणि ते दोन-तीन ओळींतच कळतं. पुढची पायरी म्हणजे एका फाइलला 'इन्व्हर्ट' (ध्वनिलहर उलटी करणारी सोय) लावून दोन्ही मोनोत मिसळणं. समान भाग एकमेकांना खोडतात: आधी बास जातो, व्हायोलिनं शेवटपर्यंत थोडी उरतात, कारण वरच्या पट्टीला जुळणी फार बारीक लागते. जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या फाइलींवर हा प्रयोग फसतो. तबकडी थोडी जरी हेलकावत फिरली तरी खोडाखोड होत नाही.

जाता जाता: त्या वर्षांत अझनावूरच्या अनेक ध्वनिमुद्रणांचा वाद्यवृंद सांभाळणारा पॉल मोरिया आपल्याकडे 'लव्ह इज ब्लू'च्या वाद्यसंगीतामुळे ओळखीचा आहे.

प्रश्न : इटालियन शब्द फ्रेंच चालीत इतके चपखल कसे बसतात? दोन्ही भाषा लॅटिनमधून आल्या म्हणून का? (नागपूर)

नात्याचा उपयोग शब्दार्थापुरता. चालीच्या बाबतीत हे नातं अडचणच करतं. फ्रेंचमध्ये वजन, म्हणजे उच्चारातला जोर, शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर पडतं, त्यामुळे चालीची ओळही ठाम स्वरावर संपते. इटालियनमध्ये बहुतेक शब्दांचं वजन शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतं आणि नंतर एक हलकं अक्षर उरतं. आमोरे, नोत्ते, व्हीता. या शेपटाला चालीत स्वर कुठून आणायचा, हा अनुवादकाचा रोजचा प्रश्न.

त्याचे मार्ग ठरलेले आहेत. 'सी', 'नो', 'मे', 'ते', 'प्यू' असे एकाक्षरी शब्द ओळीच्या शेवटी आणायचे. किंवा शेवटी वजन असलेली भविष्यकाळाची रूपं घ्यायची, 'सारो', 'व्हेर्रा' अशी. किंवा 'आमोरे'चं 'आमोर', 'क्वोरे'चं 'क्वोर' करायचं. हा शेवटचा मार्ग सोपा, पण दोन-तीनदा वापरला की गाण्याला जुन्या ऑपेराचा वास येतो आणि अझनावूरची बोलल्यासारखी शैली मरते. 'सी' आणि 'नो'ही प्रत्येक कडव्यात आले की भरतीचे वाटू लागतात.

चांगली कारागिरी शीर्षकांतच दिसते. १९६४च्या 'येर आंकोर'ला तीन स्वर आहेत: ये-रां-कोर, वजन तिसऱ्यावर. इटालियनमध्ये ये-री-सी. स्वर तीनच, वजन तिसऱ्यावरच, आणि सुरुवातीचा 'ये-र' हा ध्वनीही तोच. त्याच वर्षीच्या 'क से त्रिस्त व्हनीझ'मध्ये सहा अक्षरं आणि सहाव्यावर वजन. 'कोमे त्रिस्ते व्हेनेत्सिया'त वजन सहाव्याच अक्षरावर, 'ने'वर. मागून येणारं सातवं 'त्सिया' स्वर विरताना हलकं टेकवायचं. इटालियन कवितेतलं सात अक्षरी वृत्त असंच चालतं, म्हणून इटालियन कानाला ते परकं वाटत नाही.

इटालियन गीतकार सर्जियो बार्दोत्तीचं 'एद ईओ त्रा दि व्होई' त्याहून धाडसी. मूळ 'ए म्वा दां मों क्वँ' म्हणजे 'आणि मी माझ्या कोपऱ्यात'. इटालियन शब्दांचा अर्थ 'आणि मी तुम्हा दोघांमध्ये'. प्रेयसीची दुसऱ्या पुरुषाशी चाललेली नजरानजर मुकाट बघत बसलेला माणूस तोच, फक्त कोपऱ्यातून उठून मध्ये आला. दोन्हीकडे अक्षरं पाच, शेवटचं एकाक्षरी आणि वजनदार. अर्थाशी इमान राखून इथे 'कोपरा' आणला असता तर 'आंगोलो'. त्याचं वजन पहिल्याच अक्षरावर, मागे दोन हलकी अक्षरं लोंबणार. बार्दोत्तीने कोपरा सोडला, प्रसंग राखला. आमच्या मते हे मूळ शीर्षकापेक्षा जास्त बोचतं.

काही वेळा काहीच करावं लागत नाही. 'ला बोएम' (१९६५) हे नाव इटलीत १८९६मध्ये तुरीनला रंगभूमीवर आलेल्या पुच्चीनीच्या ऑपेरामुळे घराघरात होतं, ते तसंच ठेवलं.

प्रश्न : तयार मेळावर दुसऱ्या भाषेत गाताना नेमकं काय बिघडतं? (पणजी)

मुख्य म्हणजे श्वास. मूळ ध्वनिमुद्रणात गायक ओळीच्या टोकाला थांबला तर संचालकाने वाद्यवृंदही थांबवलेला असतो. त्या जागा टेपवर कायमच्या कोरल्या जातात. इटालियन वाक्य नेमकं तिथे अर्धं असलं तर गायक शब्दाच्या मधोमध श्वास घेतो किंवा श्वास न घेता ओढत नेतो. म्हणून अनुवादकाला नुसता कागद देऊन भागत नाही. त्याच्याकडे मेळाची टेप हवी आणि कागदावर श्वासाच्या जागी खुणा हव्यात.

दुसरं, जोडव्यंजनं. फ्रेंच गायकाची जीभ ती एकेरी करते. आपल्याला 'कला' आणि 'कल्ला' यांतला फरक सांगावा लागत नाही. इटालियनमध्ये 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. चालीत हे दुहेरी व्यंजन आधीच्या स्वराचा वेळ खातं, म्हणजे स्वर जरा आधी सोडावा लागतो. फ्रेंच सवयीने तो पूर्ण धरला की 'पेन्ना'ची 'पेना' झालीच.

तिसरं, वजनाची चूक. 'आन्कोरा'चं वजन पहिल्या अक्षरावर ठेवलं तर अर्थ जहाजाचा नांगर, दुसऱ्यावर ठेवलं तर 'अजूनही'. प्रेमगीतात नांगर नको असेल तर तालाच्या पहिल्या मात्रेवर 'को' यायला हवा.

फ्रेंच 'र' मात्र आम्ही दोषांत धरत नाही. इटालियन श्रोत्याला त्याची मजाच वाटते.

प्रश्न : माझ्याकडची एक इटालियन आवृत्ती फ्रेंचपेक्षा अर्धा स्वर वर आहे. मेळ एकच असून असं होऊ शकतं का? (औरंगाबाद)

होऊ शकतं, टेपचा वेग वाढवून. पण तेव्हाच्या यंत्रांवर पट्टी आणि लय वेगळी करता येत नसे. अर्धा स्वर चढवायला वेग सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो, म्हणजे ३ मिनिटांचं गाणं जवळपास १० सेकंदांनी आखूड होतं. दोन्ही आवृत्त्यांची लांबी मोजा. एवढा फरक दिसला आणि व्हायोलिनं थोडी पातळ, टोकदार वाटली, तर वेगाचाच खेळ. लांबी सारखी असेल तर वादन नव्याने केलेलं असावं. कधी कधी दोष आपल्याच तबकडीयंत्राचा असतो, तेव्हा आधी दुसरी एखादी तबकडी लावून पट्टी तपासा.

प्रश्न : कॉलेजच्या कार्यक्रमासाठी 'येर आंकोर'च्या चालीवर मराठी शब्द लिहायचे आहेत. कसं करावं आणि परवानगी लागते का? (पुणे)

मराठीत इटालियनसारखं ठाम शब्दवजन नाही, तिथे काम ऱ्हस्व-दीर्घावर चालतं. लांब स्वराखाली दीर्घ अक्षर आणा. पहिल्या तीन स्वरांना 'का-लच-ना' बसतं: शेवट दीर्घ, उघडा. 'वेळ', 'काळ' असे शब्द लांब स्वरावर आलेच तर 'वे', 'का' धरून ठेवा आणि 'ळ' अगदी शेवटी टेकवा; 'ळ' ओढला की शब्द ओळखू येत नाही. आधी चालीवर नुसतं 'ला-ला' म्हणून श्वासाच्या जागा कागदावर लिहून घ्या आणि मगच शब्दांना हात घाला.

परवानगी लागते. या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही अझनावूरची आणि तो १ ऑक्टोबर २०१८ रोजी वारला. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत. भाषांतराचा हक्क त्यातच येतो. गाण्याचा प्रकाशक कोण, हे 'सासेम' या फ्रेंच संस्थेच्या ऑनलाइन सूचीत शोधा आणि त्यांनाच लिहा. मूळ मेळाची टेप वाजवून त्यावर गाणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी वेगळी. पियानो किंवा हार्मोनियमवर बसवलंत तर ती लागत नाही.