उपास कुठे संपतो?

प्रश्न : 'ईट-२६' ही खाण्याच्या सवयी तपासणारी प्रश्नावली मोबाइलवर सोडवली, २२ गुण आले. मला अॅनोरेक्सिया, म्हणजे खाणं कमी करत जाण्याचा मानसिक आजार, झालाय का?

गुणांवरून आजार ठरत नाही. २० किंवा त्याहून जास्त आले तर तपासून घ्या, एवढंच ती सांगते. 'खाण्याच्या बाबतीत संयम ठेवता?' असं विचारलं तर एकादशी करणारी आजी 'नेहमी' म्हणणार आणि ३ गुण मिळवणार. 'अन्नाचे लहान तुकडे करता?' पोळी आपण अख्खी गिळतो का?

प्रश्न : पाळी नियमित येते. म्हणजे अॅनोरेक्सिया नाही ना?

असं काही नाही. पाळी बंद झालेली असावी, ही अट अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या निकषांतून २०१३ सालीच गेली.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची. आठवड्याला चार उपास करते. जाड होण्याची भीती नाही, 'पोट फुगतं' म्हणते. वर्षभर अॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत, वजन ९ किलोंनी उतरलंय.

वर्षभर! जाडीची भीती नाही म्हणून आजारही नाही, हे कुणाकडून ऐकलंत? हाँगकाँगच्या डॉ. सिंग ली यांनी १९९३ मध्ये ७० अॅनोरेक्सिया रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना जाडीची भीती नव्हतीच; पोट फुगतं, भूक नाही, हीच कारणं ते सांगत. आपल्याकडे तर उपासाला कुणी नावं ठेवत नाही, उलट कौतुकच होतं. म्हणून मी 'उपास का करतेस?' असं विचारतच नाही. सुरू कधी केले, वाढवले कुणी, घरात साबुदाण्याची खिचडी झाली की ताटात किती घेते, हे विचारतो. व्रत करणारी बाई पारण्याची वाट बघते. पारण्याच्या दिवशीही जिला नेमका दुसरा उपास निघतो, तिची मला काळजी वाटते. तरी पत्रावरून निदान करणार नाही. क्षयरोग, थायरॉइड, आतड्यांचे विकार आधी तपासायला हवेत. याच आठवड्यात फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांना दाखवा. चक्कर येत असेल तर आजच.

प्रश्न : मुलग्यांना होतो का?

होतो. 'जिम करतोय' म्हणून घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो.

प्रश्न : भाचीने महिनाभर जवळजवळ काही खाल्लं नाही. मेडिकलवाल्याने भुकेचं टॉनिक दिलंय. सोबत डिंकाचे लाडू सुरू करू?

टॉनिक परत करा. लाडूही थांबवा. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तिला आजच हॉस्पिटलमध्ये न्या. पहिला घास किती द्यायचा, ते तिथले डॉक्टर ठरवतील.