चाळीस हजारांतला पंचावन्न इंची

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

नवा टीव्ही कुठला घ्यावा हा तुझा मेसेज वाचला आणि मॉडेलांची ती लांबलचक यादीही पाहिली. बजेट ४० हजार, हॉल १० बाय १४, घरात तू, आई-बाबा आणि आजी. "काका, यातला एक सांगा" म्हणतेस. नाव सांगणार नाही. ही मॉडेलं वर्षा-दीड वर्षात बदलतात आणि एकाच नावाखाली दोन वेगळी पॅनल निघाल्याचंही मी दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलं आहे. कसा निवडायचा तेवढं सांगतो, नाव तुझं तू काढशील.

आधी टेप घे आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोज. तुमच्याकडे ते आठ-नऊ फूट भरेल. एवढ्या अंतरावरून ४३ इंचीवर फुल एचडी आणि त्याच्या चौपट ठिपक्यांचं फोर-के यांतला फरक धडधाकट डोळ्यालाही दिसत नाही. तो दिसायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागतं. ५५ इंचीला ही मर्यादा सात फुटांच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून फोर-केचा फायदा जेमतेमच. तरी ५५ घे असंच म्हणेन, कारण आकार दिसतो, आणि बातम्यांखालची पट्टी आजीला वाचता येते. या मापात फोर-के तसंही आलेलंच असतं, त्यासाठी वेगळे पैसे मोजायला जाऊ नकोस. ६५ चा मोह मात्र नको. तुझ्या पैशांत ६५ आला, तर कंपनीने कुठे काटकसर केली असेल ते खोका उघडल्यावरच कळेल.

५५ इंची म्हणजे रुंदी १२२ सेंटिमीटर, चांगले चार फूट. उंची सव्वादोन फूट. टेबलावर ठेवणार असशील तर पाय कुठे येतात ते बघ. हल्ली ते दोन टोकांना असतात आणि साडेतीन फुटांच्या युनिटवर संच बसतच नाही.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीत पॅनल, म्हणजे चित्र उमटतं तो पडदा, आणि त्याला मागून उजळणारे दिवे, म्हणजे बॅकलाइट, या दोन गोष्टी नंतर सुधारता येत नाहीत. आवाज कमी पडला तर साउंडबार लावता येतो. स्मार्टपणा मंदावला तर नेटफ्लिक्स वगैरे चालवणारी पाच-सहा हजारांची स्टिक मागे खोचली की काम झालं. पडदा फिका निघाला तर पुढची सहा-सात वर्षं तोच बघायचा. म्हणून बजेट तुटपुंजं असेल तेव्हा पैसे पडद्यावर घाल. व्हॉइस रिमोट, बेझल-लेस, ४० वॉटचे स्पीकर वगैरे गोष्टींसाठी जास्तीचे तीन-चार हजार मागत असतील, तर हात आखडता घे.

खोक्यावरच्या अक्षरांनी गोंधळू नकोस. एलईडी टीव्ही म्हणजे मागून एलईडी दिव्यांनी उजळलेला एलसीडीच. क्यूएलईडीही एलसीडीच, मध्ये क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर जास्त, त्याने रंग खुलतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, पण तो आपल्या बजेटात नाही, विषय संपला. एचडीआर म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. एचडीआर१० किंवा डॉल्बी व्हिजन या त्याच्या प्रकारांचा शिक्का म्हणजे संचाला तो सिग्नल समजतो, एवढंच. तो नीट दाखवायला पडद्यात उजेड लागतो. तो निट्समध्ये मोजतात, आणि स्वस्त संच अडीचशे-तीनशे निट्सवर थांबतात. तेवढ्यावर एचडीआर सिनेमा कधीकधी साध्यापेक्षाही काळोखा दिसतो. माहितीपत्रकात निट्सचा आकडा शोध. चारशेच्या वर मिळाला आणि सोबत लोकल डिमिंग, म्हणजे चित्राच्या गडद भागामागचे दिवे तेवढेच मंद करण्याची सोय असेल, तर ते मॉडेल यादीत वर घे. आकडा कुठेच छापलेला नसेल तर तो सांगण्यासारखा नाही असं धर.

पॅनलच्या दोन जाती आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग जास्त काळा. त्याचा कॉन्ट्रास्ट तीन हजाराला एक किंवा त्याहून वर जातो, आयपीएसचा हजाराला एकच्या आसपास राहतो. रात्री दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला व्हीए चांगला. पण व्हीए बाजूने पाहिला की रंग उडतात, आणि तुमच्याकडे आजीचा दिवाण बाजूच्या भिंतीला आहे. ती दिवसाचे पाच-सहा तास तिथूनच बघणार. टीव्ही तुझ्या पगाराचा असला तरी सगळ्यात जास्त बघणारी ती आहे. दुकानात प्रत्येक संचासमोरून बाजूला चालत जा, दिवाणाच्या कोनात उभी राहा आणि चेहऱ्यांचे रंग किती पांढरट होतात ते बघ. आयपीएस आवडला तर घेऊन टाक, काळ्या रंगाची हळहळ चार दिवसांत जाते.

दुकानात जाताना पेन ड्राइव्ह ने. तिथे जी चित्रफीत फिरत असते ती पोपट, फुलं, समुद्र अशी मुद्दाम झगझगीत बनवलेली असते, आणि संचही शोरूमच्या मोडवर ठेवलेला असतो. पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी भर: नुसता करडा रंग असलेलं एक चित्र, एखादा काळोखातला प्रसंग आणि क्रिकेटची क्लिप, ज्यात कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेपर्यंत पळतो. करड्या चित्रावर डाग, कोपऱ्यातला काळोख लगेच दिसतो. मैदानाच्या हिरव्यावर कॅमेरा फिरताना उभे मळकट पट्टे दिसले, तर घरी दर सामन्याला तेच दिसणार. मोड 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करायला सांग आणि मगच बघ. नाराजी दाखवली तरी करतात. एक लक्षात ठेव, ज्याच्या शर्टावर एखाद्या कंपनीचं नाव आहे तो बहुतेक त्या कंपनीने उभा केलेला माणूस असतो. सभ्यपणे ऐकून घे आणि पुढे सरक.

हर्ट्झच्या, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याच्या भानगडीत फार पडू नकोस. घरात प्लेस्टेशन नाही, ६० पुरे. 'मोशन २४०' वगैरे आकडे कंपन्यांचे स्वतःचे असतात, पॅनलचे नव्हेत.

स्मार्टमध्ये मात्र एक खुबी बघ. 'अँड्रॉइड' लिहिलेले सगळे संच सारखे नसतात. काहींत गुगलने प्रमाणित केलेलं गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असतं, काहींत नुसतं फुकटचं अँड्रॉइड उचलून बसवलेलं. दुसऱ्या प्रकारात नेटफ्लिक्ससारखी ॲप नीट चालत नाहीत, चित्र बहुधा एचडीपर्यंतही पोचत नाही, आणि सुरक्षेचाही भरवसा नाही. २०२५ मध्ये गूगलने उपकरणांत घुसखोरी करणाऱ्या ज्या बॅडबॉक्स २.० टोळीवर अमेरिकेत दावा लावला, तिच्या तावडीत अशीच एक कोटीहून जास्त अप्रमाणित उपकरणं होती. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन संच प्रमाणित आहे का बघ. रॅम २ जीबी हवीच.

आणि बघणार काय, याचाही हिशेब कर. आई-आजीच्या मालिका सेट-टॉप बॉक्सवर, बहुधा एसडी पॅकमध्ये. एसडी म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. ते ५५ इंचावर ताणले की चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतात, मग "जुनाच बरा होता" हे ऐकावं लागतं. ती टीव्हीची चूक नसते. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या तिन्हींच्या एचडी वाहिन्या आहेत. बॉक्स एचडी आहे का बघ आणि पॅक बदल. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं आणि त्याला इंटरनेटचा १५ एमबीपीएस वेग लागतो. तुझा प्लॅन तो नाही, तेव्हा त्याचा विचारही नको.

नावाबद्दल थोडं. बाबा "जुनी कंपनी घे" म्हणतील. पण जुनं नाव म्हणजे जुनी कंपनी असंच नाही. आपल्याकडे कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट या नावांचे संच नोएडाच्या सुपर प्लास्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन बाजारात आणलेले आहेत. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ मध्ये हायसेन्सकडे गेला. यात वाईट काही नाही, पण आजोबांच्या आठवणींवर पैसे लावू नकोस. आपल्या मराठवाड्यातली व्हिडिओकॉन तरी काय कमी जुनी होती? पैठण रस्त्यावरचा तो कारखाना गजबजलेला असायचा, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नावापेक्षा तुझ्या पिनकोडवर सर्व्हिस आहे का ते विचार. घेण्याआधीच कस्टमर केअरला फोन लाव, "५५ इंचीचं पॅनल बदलायला किती दिवस?" एवढंच विचार आणि समोरचा कसा बोलतो ते ऐक.

दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त संचांत पॅनलपेक्षा बॅकलाइट गेलेले जास्त असतात. पट्ट्यांवर एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला की अख्खी पट्टी, कधी अख्खा पडदा काळा. आवाज येतो, चित्र नाही. कधी एलईडीवरचं छोटं भिंग उष्णतेने सुटून खाली पडतं आणि पडद्यावर पांढरा गोल उमटतो. पट्टी फार महाग नसते, पण ती बदलायला कागदासारखं पातळ पॅनल दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावं लागतं. तेव्हा ते तडकलं, तर खर्च निम्म्या टीव्हीच्या वर. म्हणून पहिल्या दिवशीच बॅकलाइट ६०-७० वर आण. घरातल्या उजेडाला पुरतो, आणि दिवे जास्त वर्षं टिकतात.

पैशांचं बघ. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीची जुनी किंमत खोडून "एवढी सूट" म्हणून दाखवत असतील, तर त्यातला काही भाग सरकारचाच आहे. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज बहुधा सुटलेल्या सवलतीतून वसूल होतं. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. रोखीचा भाव आधी काढ, मगच हप्त्याचं बोल. पाडवा-दसऱ्याच्या मुहूर्ताला ऑफर असतात खऱ्या, पण नवीन मॉडेलं आली की मागच्या वर्षीचा माल जो उतरतो, तो मला जास्त आवडतो. सगळे ४० टीव्हीवर उडवू नकोस. ३५-३६ वर थांब. उरलेल्यात भिंतीचा ब्रॅकेट, बरा स्पाइक गार्ड आणि एक्स्टेंडेड वॉरंटी बसेल. वॉरंटीच्या कागदावर पॅनल आणि बॅकलाइट दोन्ही शब्द आहेत का ते वाच. नसतील तर ते पैसे वाचव.

तुमची बिल्डिंग नवी आहे, म्हणजे आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या. फिटिंगवाला साधे प्लग ठोकून निघून जातो आणि काही महिन्यांत ब्रॅकेट ढिला होतो. सिपोरेक्ससाठी वेगळे फास्टनर मिळतात, आदल्या दिवशी हार्डवेअरवाल्याकडून आणून ठेव. पडद्याचा मध्य सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यावा. देवघरासारखा वर टांगायचा नाही.

ऑनलाइन घेतलास तर ओपन बॉक्स डिलिव्हरीच घे. ओटीपी सांगण्याआधी खोका उघडून पडदा तिरक्या उजेडात बघ, शक्य असेल तर चालू करून बघ, आणि सगळ्याचं शूटिंग कर. फुटलेलं पॅनल वॉरंटीत येत नाही. बिलावरचा आणि संचामागचा सिरीयल नंबर जुळतो का ते तिथल्या तिथे तपास. काही वाकडं झालं आणि कंपनी दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पहिला आठवडाभर रोज चार-पाच तास सलग चालव, सगळी एचडीएमआय पोर्ट एकेकदा लावून बघ. दोष असेल तर बहुतेक वेळा याच काळात बाहेर येतो आणि बदलून मिळण्याची मुदतही थोड्याच दिवसांची असते. तोवर खोका आणि थर्माकोल माळ्यावर टाक. आई भंगारवाल्याला देऊन टाकेल, तिला आधीच सांगून ठेव.

तुझा,
काका